माळवदावरचा वाचक

मराठीत आकाशदर्शनावरील पुस्तकांची एक लहानशी पण सलग परंपरा आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ही पुस्तके निघत आली, वाचली गेली, शाळांच्या कपाटांतून जीर्ण झाली. परंतु त्यांची वाङ्मय म्हणून दखल घ्यावी असे आमच्या समीक्षेला क्वचितच वाटले. उपयुक्त आणि ललित यांच्यामध्ये आम्ही जी भिंत घातली आहे तिच्या पलीकडच्या अंगास ही पुस्तके पडली. तारे ओळखायला शिकविणारे पुस्तक आणि लोणची घालायला शिकविणारे पुस्तक ही आमच्या लेखी एकाच जातीची. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत कोणताच ग्रंथ समीक्षेला परका मानला नाही, त्या गावात बसून लिहिताना ही भिंत मला मानवत नाही.

पुस्तक कोणाशी बोलते, आणि वाचून झाल्यावर त्या माणसाच्या भाषेत काय बदलते, हे दोन प्रश्न कोणत्याही पुस्तकाला विचारता येतात. तेच मी येथे विचारणार आहे. आणि ते नांदेड-लातूरच्या वाचकाच्या वतीने विचारणार आहे. या वाचकाचे आकाशाशी असलेले नाते पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा वेगळे होते. ते नाते आमच्या पुस्तकांनी ओळखले काय, एवढाच या लेखाचा विषय.

परंपरेच्या आरंभी शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) उभे आहेत. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी मृगशीर्षावरून वेदकाल ठरविणारा आपला 'ओरायन' इंग्रजीत लिहिला. तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' प्रसिद्ध झाला, तो मात्र मराठीत. पुढे भारत सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर १९६९ आणि १९८१ साली दोन भागांत काढले. म्हणजे जगाला गरज पडली तेव्हा जग या ग्रंथाकडे आले. परंतु मला येथे महत्त्वाचे वाटते ते त्यांचे आधीचे, लहानसे पुस्तक. त्याचे नावच पाहा: 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ. जेवण आटोपल्यानंतर आणि झोप येण्यापूर्वी सामान्य गृहस्थाच्या हाती उरणारा वेळ नेमका एवढाच. या नावात विद्वत्तेचा दरारा नाही, मोक्षाचे आमिष नाही, भविष्यकथनाची लालूच तर नाहीच. 'मौज' हा शब्द शास्त्राच्या दारावर लावण्याचे धैर्य त्या काळी एका गंभीर पंडिताने दाखविले, याचे मला फार अप्रूप वाटते.

दीक्षितांना एक भाग्य लाभले होते, ते त्यांच्यानंतरच्या लेखकांना लाभले नाही. त्यांच्या वाचकाला आकाश शोधावे लागत नव्हते. घराबाहेर पाऊल टाकले की ते होतेच. पुस्तकाने फक्त नावे सांगायची, आणि नजरेला वळण लावायचे.

विसाव्या शतकात हे बदलत गेले. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले; १९४४ साली तेथेच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १९७७ साली मुंबईत नेहरू तारांगण उभे राहिले. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला आणि त्याच्या मागोमाग हौशी आकाशनिरीक्षकांची एक नवी पिढी आली. मुंबईतील खगोल मंडळाची मंडळी अमावास्येच्या आगेमागे लोकलने वांगणी-नेरळकडे जाऊ लागली. आकाशदर्शन ही आता सहल झाली: गाडी पकडायची, सतरंजी न्यायची, पहाटेपर्यंत जागायचे. या चळवळीविषयी मला आदर आहे. तिने हजारो मुलांना तारा आणि ग्रह यांतला फरक शिकविला, ग्रहणाची भीती घालविली आणि फलज्योतिषाला ठामपणे नाही म्हटले. जयंत नारळीकरांचे (१९३८–२०२५) 'आकाशाशी जडले नाते' हे त्या काळातील आमचे सर्वांत भारदस्त पुस्तक. मात्र तेथे आकाश कसे पाहावे यापेक्षा ते कसे समजून घ्यावे याचा विचार अधिक आहे, आणि ते योग्यच आहे.

तथापि या काळातील मार्गदर्शक पुस्तकांचे गद्य वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. त्यांच्या मनातला वाचक म्हणजे आकाश हरवलेला नागरिक होय. पुस्तक त्याची भरपाई करू पाहते. त्यामुळे भाषेला वाटाड्याचे रूप येते: अमुक ताऱ्यापासून तमुक ताऱ्याकडे रेघ ओढा, डावीकडे वळा, चौथा तारा पाहा. वाटाड्या प्रामाणिक असला तरी त्याने दाखविलेले गाव आपले होत नाही. शिवाय हा वाटाड्या पुष्कळदा परदेशी नकाशा हातात घेऊन बोलतो. देवयानी आणि शर्मिष्ठा ही नावे आमची, पण त्यांच्याखाली सांगितलेली कथा बहुधा ग्रीकांच्या राजकन्येची आणि तिच्या गर्विष्ठ आईची असते.

नकाशाची गोष्ट किरकोळ नाही. नांदेड विषुववृत्तापासून सुमारे १९ अंश उत्तरेस आहे, लातूर त्याहून किंचित खाली. म्हणून येथे ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांच्या आसपासच असतो. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा वर. लंडनमध्ये सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. आमच्याकडे ते पूर्णपणे मावळतात, आणि दिवाळीच्या संध्याकाळी तर ते उत्तरेला नसतातच. त्या वेळी ध्रुव शोधायचा तो शर्मिष्ठेच्या आधाराने. म्हणजे 'प्रथम सप्तर्षी शोधा' हा आरंभाचा धडा आमच्या वाचकाला वर्षातले काही महिने निरुपयोगी आहे. याच्या बदल्यात दक्षिणेने आम्हांला जे दिले आहे ते उत्तरेच्या देशांना ठाऊक नाही. ३७ अंशांच्या पलीकडे उत्तरेस अगस्त्य उगवतच नाही. नांदेडला तो १८ अंशांपर्यंत वर चढतो. मे महिन्यात रात्री नऊनंतर दक्षिण क्षितिजावर त्रिशंकूचे चारही तारे उभे राहतात. त्यांतला सर्वांत खालचा तारा क्षितिजापासून सात-आठ अंशांवरच असतो, पण बालाघाटाच्या सपाट माळावर तेवढी उंची पुरते.

मे महिन्याचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला. मराठवाड्यातील माणूस मे महिन्यात कोठे झोपत असे? माळवदावर. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा सपाट थर, असे आमचे घर. त्या मातीवर उन्हाळ्यात अंथरूण पडे. हाच आमचा आकाशाचा वाचक. त्याला वांगणीची गाडी पकडायची नव्हती, डोके वर करायचेही नव्हते. तो उताणाच होता. मुले झोपेपर्यंत आजी जे सांगे, त्याला आम्ही आकाशदर्शन म्हणत नव्हतो इतकेच.

आजी काय सांगे, याकडे पुस्तकांनी लक्ष द्यायला हवे होते. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाज, आणि मागचे तीन ती पळविणारे चोर, हे खेड्यापाड्यांतले आकाश. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी गोंड, कोलाम, बंजारा या समाजांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३-१४ च्या सुमारास प्रसिद्ध केला. हे समाज आमच्या किनवट-माहूरच्या डोंगरांतही आहेत. त्या अभ्यासातही खाट आणि चोर आढळतात, आणि मृगाच्या ताऱ्यांत शेतीचे अवजार आढळते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. त्या तीन चोरांतला मधला तारा म्हणजे शास्त्रातला वसिष्ठ. त्याच्या कुशीतला बारीक तारा म्हणजे अरुंधती, जी आम्ही लग्नात नववधूला दाखवितो. एकच तारा एका आकाशात ऋषी आहे आणि दुसऱ्या आकाशात चोर. मंडपातले आकाश आणि माळवदावरचे आकाश अशी आमच्याकडे दोन आकाशे होती, आणि एकाच घरातली माणसे दोन्हींत वावरत होती. ही गंमत सांगणारे गद्य मराठीत व्हायला हवे होते. त्याऐवजी आम्ही पहिले आकाश संस्कृतातून घेतले, तिसरे इंग्रजीतून आणले, आणि दुसरे अभ्यासकांनी इंग्रजी नियतकालिकांत नोंदविले.

दुसरा प्रश्न नक्षत्रांचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मराठवाड्यात 'मृग लागला' हे वाक्य ऐकून कोणी वर पाहत नाही. लोक मातीकडे पाहतात, बियाण्याकडे पाहतात. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे म्हणजे पावसाचे नऊ हप्ते. पंचांगात त्यांची वाहने दिलेली असतात, बेडूक की कोल्हा यावर पारावर वाद होतो. यातला विरोधाभास असा की ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो म्हणून तर आपण मृग लागला म्हणतो, आणि सूर्य तेथे आहे म्हणूनच त्या दिवसांत मृगाचे तारे दिसत नाहीत. ते सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबर मावळतात. म्हणजे आमचा शेतकरी ज्या नक्षत्राच्या नावाने जगतो ते नक्षत्र त्या नावाच्या दिवसांत कधीच दिसत नाही. आणि ज्या पौष-माघात ते डोक्यावर झळकते तेव्हा त्याचे नाव कोणी काढीत नाही. शब्द एका ऋतूत आणि वस्तू दुसऱ्या ऋतूत, अशी ही ताटातूट आहे. ती जोडून देणे हेच खरे तर मराठी आकाशदर्शनाचे पहिले काम होते.

आणखी एक पाऊल पुढे जाता येते. सूर्याचे नक्षत्रांतून होणारे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे मृग लागण्याचा दिवस साधारणपणे एकाहत्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळापासून आजवर हे अंतर तीन आठवड्यांच्या घरात गेले आहे. ज्याच्या पेरणीचा मुहूर्त या नावावर अवलंबून आहे त्याला हे सांगण्याइतके महत्त्वाचे दुसरे काय असेल? दीक्षित सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते ते याच जाणिवेतून. महिने आणि ऋतू एकमेकांपासून दूर जाऊ नयेत, ही त्यांची तळमळ होती. नंतरच्या पुस्तकांत ही तळमळ 'संपातचलन' या परिच्छेदाची एक व्याख्या होऊन राहिली.

कोणी म्हणेल, मराठवाड्याला आकाशविद्येची परंपराच नव्हती, मग पुस्तकांनी घ्यावे काय? हे खरे नाही. गोदावरीच्या उत्तर तीरावरील पार्थपुरात, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीत, ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुन्दर' रचला. १९४८ पर्यंत आम्ही ज्या हैदराबाद संस्थानात होतो तेथे नवाब जफर जंग यांनी १९०१ साली निजामिया वेधशाळा काढली. ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन संबंध आकाशाची सूची करण्याचे जे आंतरराष्ट्रीय काम तेव्हा चालू होते त्यात दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा या वेधशाळेकडे होता. आमच्या हस्त नक्षत्राचे तारे जवळपास याच पट्ट्यात येतात. आणि आता शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा व्हायची आहे. विद्या आमच्या दाराशी होती आणि आहे. पण ज्ञानराज संस्कृतात बोलला, निजामियाची सूची इंग्रजीत निघाली, आणि लायगोची भाषा गणिताची आहे. माळवदावरच्या माणसाशी मराठीत बोलायचे राहून गेले.

आता तर माळवदही राहिले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे त्याच दगडमातीखाली दबून मेली. ज्या छपराने आम्हांला आकाश दिले त्याच छपराने जीव घेतला. त्यानंतर माळवदाविषयी गहिवरून लिहिण्याचा अधिकार कोणालाही उरला नाही, आणि मीही तो घेत नाही. बावन्न गावे नव्या जागी वसली, घरे बदलली, आणि ती बदलायलाच हवी होती. मी एवढेच नोंदवितो की एक वाचनाची जागा मोडली आणि तिच्या जागी दुसरी निर्माण झाली नाही.

शहरांचे म्हणाल तर नांदेड २०११ च्या जनगणनेतच साडेपाच लाखांवर गेले होते, लातूर पावणेचार लाखांवर. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला त्या निमित्ताने नांदेडचे रस्ते, पूल, घाट नवे झाले. या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनामुळे तासन्‌तास अंधार असे. त्याचे कोणी आभार मानले नाहीत, आणि मानण्याचे कारणही नव्हते. मग एलईडीचे पांढरे दिवे आले. त्यांच्यातला निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, म्हणून तेवढ्याच उजेडात आकाश अधिक फिके पडते. जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या काळेपणाचे नऊ वर्ग पाडले. नवव्या वर्गात शहराचा मध्यभाग येतो. २०१६ च्या जागतिक नकाशाप्रमाणे मानवजातीपैकी ८३ टक्के लोक उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, २०११ ते २०२२ मधील सामान्य लोकांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासात आकाशाची उजळी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. जन्माच्या वेळी जेथे अडीचशे तारे दिसत होते तेथे ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतील, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. ही आनंदाची गोष्ट आहे; पण अंधाराला अभयारण्य लागावे, यात पुष्कळ काही आले.

यात वाङ्मयाचे काय जाते, हा प्रश्न रास्त आहे. कुसुमाग्रजांचे 'पृथ्वीचे प्रेमगीत' घ्या. ते 'विशाखा'त आहे आणि 'विशाखा' १९४२ ची. ती कविता सूर्याशिवाय इतर ग्रहगोलांचेही नाव घेते, आणि प्रत्येकाच्या स्वभावावर उभी आहे. शुक्र पाहिलेला, मंगळाची लाली ओळखणारा, ध्रुव हलत नाही हे स्वतः अनुभवलेला वाचक तिने गृहीत धरला आहे. ज्याने यांतले काहीच पाहिले नाही त्याला कविता कळेल, पण ती शब्दकोशातून कळेल. अरुंधती शहराच्या उजळलेल्या आकाशात दिसते न दिसते अशी होते. उद्या गुरुजी बोट दाखवतील, वधू मान हलवील, आणि दोघांनाही काही दिसलेले नसेल. चलनामागचे सोने गेले तरी नोटा काही दिवस चालतात. भाषेचेही तसेच होते. ज्या भाषेचे महिने, सण, पेरण्या आणि उपमा नक्षत्रांवर बांधल्या आहेत, तिच्यासाठी ही हानी केवळ हौशी लोकांची नाही.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. अशा मुलखात निरभ्र आकाशाचे कौतुक कोणी करायचे? वांगणीला जाणारा माणूस ढग आला की हळहळतो. लातूरचा माणूस ढग नाही म्हणून हळहळतो. दोघे एकाच आकाशाकडे पाहतात आणि एकमेकांच्या उलट प्रार्थना करतात. आक्षेप खरा आहे. परंतु त्याचा निष्कर्ष 'तारे पाहू नयेत' असा निघत नाही. निघतो तो असा की या माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकाला ही उलट प्रार्थना ठाऊक असली पाहिजे. त्याच्या दृष्टीने तारे हे कोरड्या रात्रीचे सोबती आहेत. कौतुकाने भारावलेल्या गद्यापेक्षा त्याला समजूतदार गद्य हवे आहे.

असे पुस्तक कोठून सुरू करावे, हेही सांगून टाकतो. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपासून. पाऊस सरलेला असतो, चंद्र नसतो, शर्मिष्ठा उत्तर-पूर्वेला चढत असते, देवयानीतली दीर्घिका, पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तिचा प्रकाश घेऊन, अंधारात नुसत्या डोळ्यांना दिसते. जिच्यावरून येणाऱ्या महिन्याला कार्तिक म्हणायचे ती कृत्तिका पूर्वेला आलेली असते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य उगवतो. वर्षातल्या उत्तम रात्रींपैकी ही एक, आणि नेमकी तीच आपण रोषणाईने आणि धुराने झाकतो. पणती विझवा असे मी म्हणत नाही. पणतीने तारे झाकत नाहीत. आवाज झाला की, धूर विरला की, गच्चीवरचा मोठा दिवा बंद करून दोन घटका बसावे, एवढेच त्या पुस्तकाने पहिल्या पानावर सांगावे. मग खाट आणि चोर सांगावेत, वसिष्ठ आणि अरुंधती सांगावी, आणि जूनमध्ये न दिसलेला मृग आता उशिरा का होईना पूर्वेला उगवतो तो दाखवावा. पेरणीच्या नक्षत्राची आणि आकाशातल्या नक्षत्राची भेट घालून देणारे ते पहिले मराठी पुस्तक ठरेल, आणि ते पुण्या-मुंबईहून नव्हे, इकडूनच यावे असे मला वाटते.